रस्त्यावरचा धुरा

सोमवारी सकाळी पावणेअकराला ढिवरपुऱ्याच्या रस्त्यावर माझी सायकल उडाली आणि माझीच जीभ माझ्या दातांखाली सापडली. पडलो नाही. हँडलला अडकवलेला डबा निसटून गटाराच्या काठापर्यंत गेला, टोपी डोळ्यांवर आली आणि तोंडात खारट चव पसरली. शनिवारी संध्याकाळी याच रस्त्याने मी घरी गेलो होतो तेव्हा तो सपाट होता. आता त्याच्यावर या कडेपासून त्या कडेपर्यंत वीतभर उंचीचा मातीचा बांध पडलेला होता. कोणी घातला, कशासाठी घातला, हे प्रश्न मला जरा उशिराच सुचले. आधी मनात आलं ते हे, की काम नेटकं झालंय. माती चाळून घेतलेली होती, थरावर थर देऊन चोपलेली होती, वरून ओला हात फिरवलेला होता. आमच्या नागभीडकडे धानाच्या बांधीभोवती, म्हणजे भाताच्या खाचराभोवती, असा धुरा घालतात. चांद्यासारख्या शहरात, कोटाच्या आत, मुरमाच्या रस्त्यावर तो आडवा पडलेला पाहून मला काहीतरी ओळखीचं भेटल्यासारखं वाटलं, आणि लगेच त्याचा रागही आला, कारण जीभ दुखत होती. वळून पाहिलं तर पलीकडच्या ओट्याखाली एक बाई जाळं विणत बसली होती. ती हसत नव्हती. तिने बोटाने माझा डबा कुठे पडलाय ते दाखवलं आणि पुन्हा मान खाली घातली.

मी नगरपालिकेत ओव्हरसियर. कचेरीत माझं नाव एम. एल. बोरकर असं लागतं; त्यातला एम. म्हणजे मुखरू, हे फक्त घरच्यांना आणि पगारपत्रकाला ठाऊक. मुखरू नावाचा मुलगा मॅट्रिक होऊन टेप आणि दोरी घेऊन रस्ते मोजू लागला त्याला बारा वर्षं झाली होती. ढिवरपुऱ्याचा रस्ता दोन वर्षांपूर्वी मीच मोजला, मीच रुंद केला, मीच त्यावर मुरूम टाकला. त्याआधी ती गल्ली होती. दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या तर एकीला मागे हटावं लागायचं. रुंद झाल्यावर मूल गावाकडून येणाऱ्या बांबूच्या ट्रकांना स्टेशनजवळच्या डेपोकडे जायला तो आडमार्ग सापडला. युद्धात वापरून लिलावात निघालेले ते ट्रक, वर बांबू इतके लांब की शेपटाला लाल चिंधी बांधून ते रस्ता झाडत जायचे. मला त्यांचं काही वाटायचं नाही. रस्ता केला की त्यावरून कोणीतरी जाणारच. शाळेतल्या मास्तरने मुलाला पाढे शिकवावेत आणि पुढे तो त्या पाढ्यांनी काय हिशेब करतो ते पाहू नये, तसं माझं होतं.

सेक्रेटरी साहेबांकडे माझ्याआधीच तक्रार पोचली होती. एका ट्रकची चाकावरची कमान-पट्टी तुटली म्हणे. साहेब नवे होते, पुण्याकडचे. आम्ही पाच महिन्यांपूर्वी मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेलो होतो. गेलो म्हणजे बसल्या जागीच गेलो, फक्त कागदांवरचे शिक्के बदलले आणि हे साहेब आले. ते म्हणाले, "बोरकर, तो अडथळा काढून टाकणं हे एका गड्याचं अर्ध्या तासाचं काम आहे, ते मलाही कळतं. पण हल्ली लोकांना विचारावं लागतं. त्या भागातल्या रहिवाशांची मतं घ्या. ठेवावा की काढावा. शेवटी तुमचा अभिप्राय. आठ दिवसांत." मी मान हलवली. जीभ सुजल्यामुळे त्या दिवशी मला मान हलवण्यापलीकडे फारसं काही करता येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर एरवीही मी फार काही वेगळं करत नसे. घरी कमळाने जिभेला तूप लावलं आणि सगळी हकीकत ऐकून विचारलं, "मंग तुमचं का मत हाय?" मी म्हटलं, अजून लोकांची घ्यायचीत. ती म्हणाली, "तुमाले कोनी इचारलं का तुमी दुसऱ्याच्या तोंडाकडं पाहाले लागता. लग्नात बी तसंच केलं होतं." लग्नात मी काय केलं होतं ते मला आठवेना. तिला मात्र सगळं आठवत होतं, अगदी कोणत्या रंगाचं लुगडं कोणी निवडलं इथपर्यंत. मी बिछान्यावर पडून सुजलेली जीभ दातांवर घासत राहिलो आणि तिच्या बोलण्यात चूक शोधत राहिलो, पण चूक सापडली नाही.

मतं गोळा करणं हे मी समजलो होतो त्यापेक्षा सोपं निघालं, कारण ती लोकांजवळ तयारच होती. तीन दिवस मी वही घेऊन ढिवरपुऱ्यात फिरलो आणि एवढंच लक्षात आलं की माणूस कशावर बसून त्या धुऱ्यावरून जातो, त्यावर त्याचं मत ठरतं. टांगेवाला बाबुलाल टांग्यातून उतरलासुद्धा नाही, वरूनच म्हणाला, "लिखो बाबू, घोडीचे गुडघे गेले माह्या. सवारी बोंबलते. काल एक बाई दिवस भरलेली होती, तिले उतरवून पायदळ चालवलं अन् मंग पुन्हा बसवलं. असा का रस्ता असते?" मी लिहून घेतलं. मग घोडीची मान थोपटत तोच म्हणाला, "पण एक हाय. टरकवाले आता मांगून भोंगा मारत नाईत. घोडी बिचकत नाई." मी विचारलं, मग ठेवावा की काढावा? तर म्हणाला, "थोडा कमी करा ना जी." पलीकडे नानाजी राहत. हे मूळचे चिमूरचे, बेचाळीसच्या धामधुमीत तुरुंगात जाऊन आलेले. दारात खुर्ची टाकून रोज वर्तमानपत्र वाचत आणि वाचून झालं की त्याच पानाने वारा घेत. धुरा त्यांना फार आवडला होता. "आमी झाडं आडवी टाकली होती रस्त्यावर, पोलिसाच्या गाड्या येऊ नये म्हणून," ते म्हणाले. "हे त काईच नोहे. पन सुरुवात चांगली हाय." मी म्हटलं, नानाजी, आता राज्य आपलंच आहे. त्यांनी वर्तमानपत्राचा वारा थांबवला. "मंग टरक कोनाचे हायत?" त्यांनी विचारलं. याचं उत्तर माझ्या वहीत लिहिण्यासारखं नव्हतं.

धुरा इस्तारीने घातला होता हे सगळ्यांनी सांगितलं, तक्रार म्हणून नव्हे, माहिती म्हणून. साठीच्या आसपासचा माणूस. बाप-आजे तलावावर मासे धरणारे, आणि पावसाळ्यात नागभीडच्या बाजूला धानाच्या रोवणीला जाणारे. त्यामुळे हाताला जाळंही ठाऊक आणि मातीही. शनिवारी रात्री नाही, रविवारी भर दुपारी, ट्रक बंद असतात तेव्हा, त्याने आणि मोहल्ल्यातल्या चौघांनी मिळून धुरा घातला. लपवाछपवी नव्हती. मला डबा दाखवणारी बाई ती त्याची बायको, गिरजा. तिला ऐकू येत नव्हतं. "गडचिरोलीकडच्या जंगलात कामाले गेलो होतो जी, तिथी ताप आला इले," इस्तारी म्हणाला. "कुनैन देल्ली, देल्ली, देल्ली. ताप गेला. कान बी गेले." त्याच्या सांगण्यात दुःख असं नव्हतं, एक आलं, एक गेलं, असा व्यवहार होता. पौष महिन्यात एका ट्रकच्या बांबूचं शेपूट तिच्या खांद्याला लागून ती फेकली गेली होती. ड्रायव्हर थांबला, उतरला, आणि शपथेवर म्हणाला की मी भोंगा वाजवला. "खरंच वाजवला होता," इस्तारी म्हणाला. "मी आयकला ना घरातून. पन तिले का आयकू येते? हरेक टरकवाल्याले का मी सांगत बसू, का बाबा, इथी एक बाई बसते, तिले आयकू येत नाई? मंग म्हटलं, भोंगा राहू दे. हळूच आनू त्याले." मी विचारलं, ती घरात का बसत नाही? सरकारी माणसाने विचारावा असाच तो प्रश्न होता. इस्तारीला तो प्रश्न आहे हेच आधी कळलं नाही. मग म्हणाला, "बारा हात जाळं हाय बाबू. घरात मावते का ते? रस्ता मांगून आला. जाळं पह्यलेपासून इथीच हाय."

गिरजा आमच्याकडे पाहत होती. ऐकू न येणारी माणसं बोलणाऱ्याच्या ओठांकडे पाहतात असा माझा समज होता; ती हातांकडे पाहायची. जाळ्याचं एक टोक खुंटीला बांधलेलं, दुसरं डाव्या मनगटाला दोन वेढे देऊन ताणलेलं, आणि उजव्या हातात बांबूची चपटी सुई. ती न पाहता विणत होती. मला माझी आई आठवली असं म्हणायला हवं, पण आठवली नाही. आठवला तो बाप. धानाच्या बांधीत गुडघाभर चिखलात उभा, हातात कुदळ, आणि शेजारचा लटारू पलीकडच्या बांधीत तसाच उभा. दोघांचं धुऱ्यावरून भांडण. पाणी कोणी सोडायचं, किती सोडायचं, कोणत्या बाजूने सोडायचं. मी आठ-नऊ वर्षांचा, मधल्या धुऱ्यावर बसून दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने पाहत होतो. बाप म्हणायचा, धुऱ्याले तोंड ठेवावंच लागते. नाई ठेवलं त पानी आपल्या मनानं तोंड करते, अन् मंग सारा धुरा घेऊन जाते. हे त्याचं म्हणणं मला पाठ होतं, पण तोंड कुठे ठेवायचं हे त्याने मला कधी विचारलं नाही. मोठ्या भावाला विचारायचा. माझ्याकडे पाहून म्हणायचा, हा शाळेत जानारा हाय, याले का समजते. ते खरंही होतं. पुढे मी शाळेतच गेलो, आणि आता सरकार मला विचारत होतं, आणि तरीही त्या वाक्याची सल गेली नव्हती, हे मला त्या दुपारी वही हातात धरून उभा असताना कळलं.

कारण इस्तारी मला धुऱ्याच्या कडेला घेऊन गेला होता. गिरजाच्या ओट्याच्या बाजूला, गटाराजवळ, त्याने धुऱ्यात एक फट ठेवली होती. वीत-दीड वीत. चैत्र नुकताच लागला होता, आभाळात ढगाचा ठिपका नव्हता, गटारात पाणी म्हणजे काळी ओल होती तेवढीच. पावसाला अजून अडीच-तीन महिने होते. पण धुरा म्हटला की त्याला तोंड आलंच. इस्तारीने उकिडवं बसून त्या फटीत हात घालून दाखवला आणि माझ्याकडे वर पाहत विचारलं, "बाबू, तुमी नागभीडचे म्हन्ते. तुमाले समजते. तोंड एवढं पुरते का?" आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला हे विचारत होतं. मला झालेला आनंद मी लपवणार नाही. पगार वाढल्यावरही एवढा झाला नव्हता. मी वही काखेत धरली, वाकलो, उतार पाहिला. रस्त्याचा ढाळ याच बाजूला होता, तो मीच दिलेला. दिवसभर बोलून जीभ पुन्हा ठणकत होती म्हणून मी बोललो नाही. दोन्ही हात समोर धरले आणि एकमेकांपासून लांब नेले. एवढं पाहिजे. इस्तारी कुदळ आणायला उठला, तेवढाही धीर मला नव्हता. बुटाच्या टाचेने मी ती कडा फोडली, ढेकळं पायाने गटारात लोटली आणि फट हातभर रुंद केली. "हां, आता बराबर," इस्तारी म्हणाला. गिरजाने सुई थांबवून माझे हात पाहिले होते आणि मग माझा पाय पाहिला. तिला काय वाटलं मला माहीत नाही. तिने जाळं मनगटावर पुन्हा ओढून घेतलं.

अहवालात मी सगळ्यांची मतं लिहिली. टांगेवाल्याचं लिहिलं, नानाजींचं बेचाळीस वगळून लिहिलं, डोक्यावरून मासळीची पाटी नेणाऱ्या गोकुळाचं लिहिलं, की रस्ता ओलांडताना आता मागे पाहावं लागत नाही. खाली माझा अभिप्राय: 'सदर बांध वाहनांची गती कमी करण्यास उपयुक्त दिसतो. पावसाच्या पाण्यासाठी योग्य जागी योग्य रुंदीची वाट ठेवण्यात आली आहे. तूर्त ठेवण्यास हरकत नसावी.' बारा वर्षांच्या नोकरीत मी लिहिलेलं हे एकच वाक्य असेल की जे लिहिताना मला माझं वाटलं; ते मधलं, पाण्याच्या वाटेचं. साहेबांनी 'तूर्त' या शब्दाखाली रेघ ओढली आणि सही केली. घरी मी कमळाला म्हटलं, मी मत दिलं बरं का. ती म्हणाली, "देल्लं का? साखर वाटू?" पण तिला बरं वाटलेलं दिसलं, कारण त्या दिवशी तिने न सांगता वांग्याचं भरीत केलं.

पहिले दहा-बारा दिवस धुऱ्याने त्याचं काम केलं. ट्रक यायचे, धुऱ्याच्या अलीकडे थबकायचे, खालचा गिअर घालून म्हशीने काठ चढावा तसे चढायचे आणि उतरायचे. ड्रायव्हर शिव्या द्यायचे, पण शिव्या हळू चालणाऱ्या ट्रकमधून यायच्या. इस्तारी ओट्यावर बसून प्रत्येकाला रामराम घालायचा. मी रोज सकाळी आणि संध्याकाळी तिथून जायचो आणि आता मला धक्का बसत नसे, कारण मी कडेला जाऊन त्या फटीतून सायकल काढायचो. हे कधी सुरू झालं ते मला आठवत नाही. सगळेच सायकलवाले तसं करत. फट हातभर होती, सायकल सुळकन निघायची, डबा हलायचा नाही. जाताना गिरजाच्या जाळ्याला माझ्या धोतराचा वारा लागायचा, इतक्या जवळून. ती मान वर करायची नाही. मला त्याचं काही वाटलं नाही. एकदा एका ट्रकलाही मी तसं करताना पाहिलं. त्याने पुढचं डावं चाक नेमकं त्या फटीत आणलं, उजवं चाक धुऱ्यावरून गेलं, ट्रक जरासा कलला आणि वेग न मोडता सरळ निघून गेला. मागची जोडचाकं फटीची कडा आणखी खात गेली. मला आठवतं, मी सायकलवरून एक पाय टेकून उभा होतो आणि माझ्या मनात आलं, पोरगा हुशार आहे. एवढंच आलं. तो ट्रक गिरजाच्या बाजूने गेला, पूर्वी कधी गेला नव्हता इतक्या जवळून गेला, आणि तो तिकडे का गेला, हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं आणि डोक्याने पाहिलं नाही. आजही मी हा क्षण पुन्हा पुन्हा उघडून पाहतो. त्यात कपट सापडलं असतं तर बरं झालं असतं. कपट नाही. धुऱ्याच्या तोंडातून पाणी जातं, एवढीच गोष्ट मला माहीत होती, आणि ती मला इतकी पक्की माहीत होती की त्यातून दुसरं काही जाताना दिसत असूनही मला दिसलं नाही.

मग एका गुरुवारी दुपारी बाबुलाल कचेरीच्या दारात टांगा सोडून आत आला. मी नकाशावर वाकलो होतो. "बाबू, इस्तारीच्या बाईले दवाखान्यात नेऊन राह्यलो होतो, आता सोडून आलो," तो म्हणाला. त्याच्या सदऱ्याला रक्त होतं. "टरकानं जाळं ओढलं." दोन वाक्यांत त्याने सांगितलं आणि मला सगळं समजलं, कारण मला ती जागा पाठ होती. ट्रक फटीतून आला, गती पूर्वीचीच, जाळ्याची कड चाकाखाली आली, चाकाने जाळं आत घेतलं, आणि जाळ्याचं दुसरं टोक तिच्या डाव्या मनगटाला दोन वेढे देऊन बांधलेलं होतं. ड्रायव्हरने भोंगा वाजवला होता. जीव वाचला. त्याच संध्याकाळी डॉक्टरांनी डावा हात कोपराखालून काढला, ते मला नंतर कळलं. बाबुलाल पाणी प्यायला आणि मग गुन्हा केल्यासारखा हळूच म्हणाला, "नेताना धुऱ्यावरून नेली जी. दुसरा रस्ता नाई. धक्का बसला, तवा बाई ओरडली. एरवी ओरडली नाई." सहाला शिपाई दार लावायला आला तेव्हा उठलो. त्या दिवशी मी कोटाबाहेरून, दीड मैलाचा वळसा घेऊन घरी गेलो. कमळाला काही सांगितलं नाही. ती जेवायला वाढताना म्हणाली की ढिवरपुऱ्यात काही झालं म्हणतात. मी म्हटलं, हो, ऐकलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि भात वाढायचा थांबवला. मला तेव्हा भीती वाटली होती, आणि ती गिरजाच्या जिवाची नव्हती. अहवालातलं ते मधलं वाक्य कोणी वाचेल, याची होती. ही लाज मी इथे लिहून ठेवतो, कारण ती दुसरीकडे कुठे ठेवायला जागा नाही.

वीस दिवसांनी चौकशी झाली. गिरजा घरी आली होती. सेक्रेटरी साहेब, पोलीस जमादार आणि मी, असे आम्ही धुऱ्याजवळ उभे. ढिवरपुरा भोवती जमलेला. फट आता दीड हात झाली होती, चाकांनी कडा गुळगुळीत केल्या होत्या. जमादार मोठ्याने म्हणत वहीत लिहीत होता: बिगरपरवानगी बांध, त्यास मुद्दाम ठेवलेली वाट, वाहन त्या वाटेने जाणं साहजिक, ड्रायव्हरने इशारा दिला होता. ते लिहिणं ऐकतानाच कळत होतं की ड्रायव्हर सुटणार आणि खटला इस्तारीवर होणार. जमादाराने विचारलं, "ही वाट कोणी ठेवली?"

"मीच जी," इस्तारी म्हणाला.

"कशासाठी?"

"पान्यासाठी."

जमादाराने आभाळाकडे पाहिलं आणि मागचे काही लोक हसले, मोहल्ल्यातले नव्हेत, बाहेरून पाहायला आलेले. इस्तारी म्हणाला, "धुऱ्याले तोंड लागतेच ना जी," आणि माझ्याकडे पाहिलं. साक्ष मागावी तसं नव्हे. आपलं माणूस आहे, याला समजतं, अशा नजरेने. तो एवढ्यावरच थांबला असता. माझं नाव त्याने घेतलं नसतं. त्याच्या मनात तो विचारही नव्हता, कारण त्याच्या लेखी त्यात नाव घेण्यासारखं काही नव्हतंच. एका जाणत्याने दुसऱ्याला बरोबर सल्ला दिला होता. मला नुसतं उभं राहायचं होतं. मी त्यात तरबेज होतो. तरी तोंडून निघालं.

"ती वाट मी रुंद केली," मी म्हटलं. "इस्तारीने वीतभर ठेवली होती. सायकलचं चाकसुद्धा जेमतेम गेलं असतं. मी पायाने फोडून हातभर केली. मीच. लिहून घ्या."

साहेब माझ्याजवळ आले, खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "बोरकर, तुम्हांला वाईट वाटतंय ते मी समजू शकतो. भावनेच्या भरात काही बोलू नका." जमादाराने पेन्सिल वर उचलून धरली होती, साहेबांनी मान हलवली आणि त्याने ती खिशात ठेवली. मी पुन्हा म्हटलं, अहो, खरंच मी केली, अहवालात पाहा, मी लिहिलंय. पण तोवर मागे कुजबुज सुरू झाली होती आणि ती माझ्या आवाजापेक्षा मोठी होती. गोकुळा कोणाला तरी सांगत होती, "पाहा वं, गरिबाचं आंगावर घेते मानूस." नानाजी काठी टेकत पुढे आले, म्हणाले, "बाबू, आमी तुमाले बरोबर वळखलं नाई." बाबुलाल डोळे पुसत होता. मी एकेकाकडे वळून सांगत होतो की हे खरं आहे, तुम्ही समजता तसं नाही, आणि जितकं सांगत होतो तितका चांगला होत चाललो होतो. मला ओरडावंसं वाटलं. आणि, हेही लिहितो, कुठेतरी आत बरंही वाटत होतं.

साहेब जमादाराला बाजूला घेऊन काही बोलले. मग जाहीर झालं की धुरा आजच काढायचा, आणि इस्तारीला या वेळी समज देऊन सोडायचं. लोकांना वाटलं ते माझ्यामुळे. ट्रकांच्या गतीबद्दल कोणी काही विचारलं नाही, मीही नाही. इस्तारी गर्दीतून माझ्याकडे आला, खाली वाकला आणि त्याने माझ्या बुटांवर डोकं ठेवलं. मी मागे सरलो तर त्याने घोटे धरले. "बाबू," तो म्हणत होता, "देवच हाय तुमी, देवच हाय."

गिरजा ओट्यावरून उतरली. आमच्यातलं एकही अक्षर तिला ऐकू गेलेलं नव्हतं. लोक कशाने हळहळतात, नवरा कोणाच्या पाया पडतो, हे तिने फक्त पाहिलं होतं. डाव्या खांद्यावरून पदर घेऊन तिने तो हात झाकला होता. ती गर्दीतून सरळ आली, माझ्यासमोर थांबली, आणि उजव्या हाताने इस्तारीची बंडी मानेशी धरून त्याला माझ्या पायांवरून ओढून उभा केला. तो तिला खुणा करून सांगायला लागला की हा किती भला माणूस आहे. तिने त्याच्या हातांकडे पाहिलंच नाही. ती माझ्या पायांकडे पाहत होती. मग तिने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, आणि नवऱ्याला दंडाला धरून घरात घेऊन गेली, आणि दार लावून घेतलं.